बाराची सही

सोमवार, २ जून

मी हक्क सोडला म्हणे! ‘स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, भावावरील प्रेमापोटी.’ मी!

घरपट्टीच्या कचेरीत गेले होते ते एवढंच बघायला, की वडिलांच्या जागी आमची नावं लागली की नाही. वडील जाऊन तीन वर्षं होत आली. आईने तिचा वाटा दादाला दिला, तो तिने खरंच दिला, मला सांगून दिला. राहिलो दादा आणि मी. यात अवघड काय आहे? खिडकीतल्या कारकुनाने बोट फिरवत यादी बघितली. “तुमचं नाव नाही, बाई. तुम्ही सोडलंय.” काय सोडलंय? “घर.” इतक्या सहज म्हणाला की मी मान डोलावली. डोलावली! दारापर्यंत गेले आणि मग परत फिरले.

नक्कल मिळाली. दोन पानांचं हक्कसोडपत्र. तारीख सतरा ऑक्टोबर, मंगळवार, गेल्याच्या गेल्या वर्षीची. खाली माझी सही. बघितली, तर ती माझीच वाटत होती. पहिलं अक्षर मोठं, शेवटचा फाटा वर जाऊन मोडलेला. मीच मला विचारलं — केली होतीस का गं?

केली नव्हती. हा कागद मी जन्मात पाहिलेला नाही.

सहीखाली दोन साक्षीदार. एक, वहिनीचा भाऊ. दुसरी, आई.

आई.

वडील गेल्यापासून रोजनिशी बंद होती. आज येताना ही वही घेतली. कुणाशी तरी बोलायला हवं, नाहीतर फुटेन मी.


मंगळवार, ३ जून

गेले घरी. दादा खाली दुकानात होता. वडील तिथे हाताने पाट्या रंगवायचे, दादा मशिनवर छापतो. भिंतीवर मात्र वडिलांनी ब्रश पुसण्यासाठी ओढलेली अक्षरं अजून तशीच आहेत, निळी, लाल, अर्धवट.

कागद त्याच्यापुढे धरला. तो दचकेल असं वाटलं होतं. त्याने हात पुसले. निवांत.

“त्यात काय वाचायचंय? तूच म्हणाली होतीस, मला काही नको.”

“कधी?”

“जिन्यात. बाबा गेले त्या आठवड्यात. सगळ्यांसमोर.”

“म्हणून तू माझी सही केलीस?”

“सही तुझीच आहे,” म्हणाला. आणि हसला! “नसेल तर सिद्ध कर. पाणी तपासतेस ना रोज? तसं तपास.”

वरून वहिनीचा आवाज — “वन्सं आल्यात का? चहा टाकू?”

आई खिडकीशी बसली होती. कागद तिच्या नाकाजवळ धरला. “ही सही तुझी?” मला दिसत नाही गं नीट, म्हणाली. “तुला आठवत नाही? मी तुझ्यासमोर सही केली?” तिने कागद चाचपून बाजूला सारला. मग, “दादा म्हणतोय तर असेल.”

आणि मग, “जेवून जा.”

जेवून जा!


बुधवार, ४ जून

क्लोरीनचं रीडिंग दोनदा चुकलं. काचनळीतला रंग बघतेय आणि दिसतंय दादाचं हसू.


शनिवार, ७ जून

खरं लिहायचं तर सगळं लिहायला हवं. म्हटलं होतं मी. जिन्यातच. लोक भेटायला येत होते, पायऱ्यांवर चपलांचा ढीग होता, आणि वहिनीच्या भावाने तिथेच विषय काढला — आता घराचं काय? मला शिसारी आली. मी म्हटलं, “मला काही नको, मला बाबा हवेत.” दादाने अर्धंच ऐकलं. किंवा पूर्ण ऐकलं आणि अर्धंच ठेवलं.

मी हावरी आहे का? दोन दिवस हेच डोक्यात. मला राहायला पाण्याच्या प्लांटचं क्वार्टर आहे, एक खोली, एक ओटा. नोकरी संपली की तेही जाईल. मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही. वडील म्हणायचे, वरची पुढची खोली तुझी, तू केव्हाही ये. त्या खोलीवर माझा जीव आहे. पण ती मागितली तर दादाचा धंदा अडतो, आईची झोप जाते. मग सोडून द्यावी? उद्या मी माझ्या हाताने, माझ्या पेनने सोडेनही. पण माझ्या वतीने दुसऱ्या कुणी उदार व्हायचं? हे नाही चालणार!

आणि सही. मला ठाऊक आहे ती कुणाची कला आहे. वडिलांनी आम्हा दोघांना अक्षर गिरवायला शिकवलं. मला वळण आलं. दादाला कुणाचंही वळण आलं. शाळेत प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही तो करायचा — त्याच्याही आणि माझ्याही. मी कौतुकाने बघायचे. पेन उचलायचा नाही, श्वास सोडायचा नाही, एका दमात. “बघ, बाबांना तरी ओळखू येईल का?” मी खुदखुदायचे.

तेव्हा का नाही बोलले?


सोमवार, ९ जून

ज्या नोटरीपुढे तो कागद झाला त्याच्याकडे गेले. कोर्टाच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाला टेकून एक टपरी. टेबलावर शिक्क्यांचा स्टँड, पाण्याची बाटली, पंखा त्याच्याकडेच वळवलेला.

“मला ओळखता?”

“बाई, मी चेहरे लक्षात ठेवत नाही. कागद ठेवतो.”

“मग माझा कागद काढा.”

काढला. त्याच्या रजिस्टरमध्ये ओळ होती. सतरा ऑक्टोबर, वेळ साडेअकरा, हक्कसोडपत्र, सही. माझी. म्हणजे माझ्यासारखी. म्हटलं, “तुमच्यासमोर मी इथे बसून ही सही केली?” तो म्हणाला, “ज्या बाई आल्या त्यांनी केली.” “त्या मी होते?” “त्या तुम्ही आहात असं तुमच्या भावाने सांगितलं.” हे तो मला समजावून सांगत होता! लहान मुलाला सांगतात तसं. कुठली बाई! रजिस्टरमध्येही दादाचाच हात.

मी टेबलावर हात आपटला. शिक्के पडले. मग मीच वाकून ते गोळा केले. मला नीट भांडताही येत नाही.


मंगळवार, १७ जून

वकीलबाई मिळाल्या. साठीच्या आहेत, केस बारीक कापलेले, बोलताना लवंग चघळतात. मी दहा मिनिटं बोलले, त्या एकदाही वर बघेनात. मग म्हणाल्या, “राग घरी ठेवून या. इथे तारखा आणा. साडेअकराला तुम्ही कुठे होतात?”

“प्लांटवर.”

“कशावरून?”

मला हसूच आलं. कशावरून! शहराला जे पाणी जातं त्याचा नमुना आम्ही दर दोन तासांनी काढतो. क्लोरीन, गढूळपणा, रजिस्टरमध्ये आकडा, आकड्यापुढे सही. दहाला, बाराला, दोनला. बावीस वर्षं. ड्युटीचा तक्ता माझ्याकडे होताच. सतरा ऑक्टोबरला माझी आठ ते चार पाळी. प्लांटपासून कोर्टाची गल्ली बसने पाऊण तास. दहाला आणि बाराला इथे सही करणारी बाई साडेअकराला तिथे सही कशी करेल?

वकीलबाईंनी लवंग गालात सरकवली. “हे आधी सांगायचं ना! इतकं पक्कं कुणाकडे नसतं हो. कागद नोंदवलेलाही नाही, ते मी मांडेनच; पण सही खोटी ठरली की सगळंच संपलं.”

दाव्यासोबतचं शपथपत्र झालं. ‘मी त्या दिवशी सकाळी आठ ते दुपारी चार कामावर हजर होते व दहा, बारा आणि दोन वाजताच्या नोंदींवर माझ्या सह्या आहेत.’ सही केली. खरी सही करताना हात किती हलका असतो!


मंगळवार, ८ जुलै

रजिस्टरच्या नकलेसाठी अर्ज. जुनी रजिस्टरं तळघरात, किल्ली अधीक्षकांकडे, अधीक्षक रजेवर. माझ्या टेबलावरचे मास्तर दाताला गेले होते. त्यांचं बाराचं मीच घेतलं, त्यांच्या रकान्यात टाकून दिलं. तीन नंबरच्या टाकीचा व्हॉल्व्ह पुन्हा गळतोय.


सोमवार, ११ ऑगस्ट

दादाकडून उत्तर आलं. सोबत शपथपत्र. आईचं!

‘माझ्या मुलीने दि. १७ ऑक्टोबर रोजी माझ्या समक्ष सही केली. मी साक्षीदार म्हणून सही केली.’ आणि खाली तिची वाकडी, थरथरती सही. ही मात्र खरी आहे. माझ्या आईची सही मी ओळखते.

जूनमध्ये “असेल” म्हणाली होती. असेल म्हणणं वेगळं. शपथेवर सांगणं वेगळं. नऊ महिने वाढवलं आणि पोरीला दोन ओळींत विकलं!

वकीलबाई म्हणाल्या, आई म्हणजे भारी साक्षीदार, पण रजिस्टर त्याहून भारी. “तुमच्या आईला खोटं ठरवायला तयार आहात?”

म्हटलं, तीच ठरलीय.


गुरुवार, १४ ऑगस्ट

आईचा फोन. उचलला. “जेवलीस का?”

ठेवून दिला.


रविवार, १७ ऑगस्ट

पुन्हा फोन. नाही उचलला.

ती माझ्याशी बोलत नाही, ती फक्त विचारते. जेवलीस का, झोप लागते का, खोकला गेला का. गेल्या दोन वर्षांत डोळ्यांच्या दवाखान्यात तिला किती वेळा घेऊन गेले! पाच? सात? वहिनीला वेळ नसे, दादाला गिऱ्हाईक असे. रिक्षात माझा दंड धरून बसायची. तो हात एकीकडे आणि ती सही एकीकडे. दोन्ही एकाच बाईचे कसे?


शुक्रवार, ३ ऑक्टोबर

घरावरून गेले. मुद्दाम. बिल्डरची दोन माणसं टेप लावून मोजत होती, पुढची भिंत, जिना, वरची खोली. दादा त्यांना चहा देत होता. मला बघून म्हणाला, “ये की, तूही धर एक टोक.”

दगड उचलावासा वाटला. सत्तेचाळीस वर्षांची बाई मी. रस्त्यात उभी राहून आजूबाजूला दगड आहे का बघत होते.

वकीलबाईंना फोन केला. घर पाडू नये म्हणून मनाईचा अर्ज आजच टाकतो, म्हणाल्या. “पण रजिस्टरची नक्कल आणा हो. किती दिवस चाललंय!”


मंगळवार, १८ नोव्हेंबर

नक्कल नाही, मूळ रजिस्टरच हातात आलं. अधीक्षकांनी किल्ली दिली. तुम्हीच शोधा, मी कुठे त्या धुळीत येऊ. तळघरात ओल, बल्ब एकच. त्या वर्षीचा खंड सापडला. उभ्या उभ्याच उघडला.

सतरा तारीख. दहा वाजता, माझी सही. दोन वाजता, माझी सही.

बारा वाजता माझी सही नाही.

म्हणजे माझं नाव आहे. पहिलं अक्षर मोठं आहे. पण शेवटचा फाटा वर जाऊन मोडत नाही, तो खाली येऊन गोल होतो. मास्तरांच्या सगळ्या अक्षरांचं शेपूट तसंच गोल होतं.

त्या ओल्या जमिनीवर बसले.

कारण मग पानं उलटत गेले. सप्टेंबर, ऑगस्ट. माझ्या नावापुढे त्यांचं गोल शेपूट, महिन्यात दोनदा, तीनदा. त्यांच्या नावापुढे माझा हात. किती वर्षं! कुणाचा दात, कुणाची बँक, कुणाची आई. “बाराचं बघ गं.” “बघते.” आकडा खरा, सही टाकलेली. प्लांटवर सगळेच करतात. इतकं सगळेच करतात, की शपथ घेतानासुद्धा मला ते आठवलं नाही. मी न बघता लिहून दिलं — माझ्या सह्या आहेत!

८ जुलैचं पान आत्ता उलटून बघितलं. ‘त्यांच्या रकान्यात टाकून दिलं.’ याच वहीत. माझ्याच अक्षरात. दादाला शिव्या देता देता!


बुधवार, १९ नोव्हेंबर

मास्तर प्रयोगशाळेत काचनळ्या धूत होते. अकरा वर्षं आम्ही एका टेबलावर. शिकवण्याची खोड म्हणून मास्तर, नाहीतर तेही माझ्यासारखेच केमिस्ट. मार्चमध्ये निवृत्त.

“सतरा ऑक्टोबरचं बाराचं तुम्ही टाकलंत.”

“टाकलं असेल. का?”

“मी कुठे गेले होते?”

त्यांनी नळी उजेडात धरली. “व्हॉल्व्ह फुटला तोच ना तो दिवस? मी एकटा गुडघाभर पाण्यात. तू आईला डोळ्यांना घेऊन गेलीस. दहाचं करून पळालीस, दोनच्या आधी आलीस. वर मलाच म्हणालीस, मास्तर, पँट वर करून काय फिरताय?”

आईला. डोळ्यांना. सतरा ऑक्टोबर, सकाळी.

म्हणजे साडेअकराला मी तिथे होते. आणि आईही तिथेच होती! माझ्या शेजारी! मग साक्षीदार म्हणून सही करायला नोटरीकडे कोण गेलं? मी नाही. आईही नाही. तीही सही दादाचीच!

आणि तरी ती शपथेवर सांगते, माझ्या समक्ष?

मास्तरांना म्हटलं, मला कोर्टात खरं सांगावं लागेल. त्यांनी नळी आपटलीच. “काय खरं? आकडा मी घेतला, आकडा खरा आहे! त्या पाण्याने कुणाला उलटी झाली का? सही खोटी म्हणून काय झालं?”

“दादाच्याही मनात हेच असणार. बोलणं खरं होतं, सही फक्त त्याने केली.”

“मला तुझ्या दादाच्या बाकावर बसवू नकोस.”

“मीही तिथेच बसलेय, मास्तर.”

“चार महिने राहिलेत गं माझे,” म्हणाले आणि निघून गेले. नळ तसाच चालू.


गुरुवार, २० नोव्हेंबर

डोळ्यांचा दवाखाना. काचेमागच्या मुलीने मान हलवली. मागच्या वर्षी संगणक बदलला, आधीच्या पेशंटचं फक्त नाव दिसतं. “त्या वेळी चिठ्ठी दिली असेल ना हातात? ती आणा.”

चिठ्ठ्या आईच्या पिशवीत. पिशवी दादाच्या घरात.


शुक्रवार, २१ नोव्हेंबर

वकीलबाई म्हणाल्या, “त्यांनी रजिस्टर पाहिलेलं नाही. दहाची तुमची, दोनची तुमची. बाराची कोण बघतंय? गप्प बसा.”

“हस्ताक्षराचा तज्ज्ञ बघेल.”

“तज्ज्ञ तुमच्या भावाची ओळखू शकला नाही अजून, या मास्तरांची कुठून ओळखणार?”

मोह पडला. लिहायला लाज वाटते, पण पडला. अर्धा तास मी त्यांच्या ऑफिसच्या पायऱ्यांवर बसून मनातल्या मनात ते वाक्य बोलून बघितलं — हो, बाराची सही माझीच. किती सोपं आहे! दादालाही तेव्हा असंच सोपं वाटलं असेल. एका दमात, पेन न उचलता.

पुन्हा वर गेले. म्हटलं, नाही जमणार.

त्या लवंग थुंकायला उठल्या. “मग मी कशाला आहे?” परत येऊन म्हणाल्या, “बरं. मग निदान आधी तुम्हीच सांगा. त्यांनी काढून दाखवायच्या आत.”


सोमवार, २४ नोव्हेंबर

झालं.

मागच्या बाकावर दादा, वहिनी आणि दोघांच्या मध्ये आई, काळा चष्मा लावून. मी तिच्याकडे बघितलं नाही. नंतर बघितलं. तिचं तोंड खिडकीकडे होतं.

उभी राहिले आणि सांगून टाकलं. शपथपत्रातलं एक वाक्य चुकीचं आहे. बारा वाजताची सही माझी नाही. न बघता लिहिलं, ही माझी चूक.

दादाचा वकील जागचा उठला तो जणू त्याला बक्षीस लागलंय. “म्हणजे दुसऱ्याची सही करायची पद्धत तुमच्याकडे जुनीच आहे?”

“हो.”

“तुम्हीही केल्यात?”

“केल्यात.”

“किती?”

“मोजल्या नाहीत.”

कुणीतरी हसलं. दादाच असावा. वकील गोड आवाजात म्हणाला, “मग हक्कसोडपत्रावरचीही तुमच्या वतीने, तुमच्या सांगण्यावरूनच कुणी केली असेल. नाही का? बाराचं बघ, तसं घराचं बघ.”

ओरडले मी. कोर्टात ओरडले! “मास्तरांना मी सांगितलं होतं! याला मी सांगितलं नव्हतं! आणि मास्तरांना सांगितलं तेही चूकच होतं!” न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. आवाज खाली घ्या. मग त्यांनीच विचारलं, “साडेअकराला कुठे होतात?”

“आईबरोबर. डोळ्यांच्या दवाखान्यात.”

“तुमच्या आई तर शपथेवर वेगळं सांगतात. काही कागद?”

“नाही.”

पुढचा सोमवार. कागद असेल तर आणा, नसेल तर मनाईच्या अर्जावर निकाल. बाहेर पडताना दादा शेजारून गेला, मुद्दाम हळू. “फारच खरं बोलतेस तू. बाबा असते तर पाटी रंगवून दिली असती.”

एवढा राग आलाय, आणि त्यातला निम्मा माझ्यावरच.


बुधवार, २६ नोव्हेंबर

अधीक्षकांचा मेमो. मला आणि मास्तरांना. तीन दिवसांत खुलासा.

मास्तर बोलत नाहीत. डबा घेऊन बाहेर पंपहाउसच्या कट्ट्यावर बसतात.


शुक्रवार, २८ नोव्हेंबर

मास्तरांचा खुलासा टेबलावर उघडाच ठेवलेला होता. मला दिसावा म्हणूनच. ‘१७ ऑक्टोबरची बाराची सही मी केली. तिने विनंती केली म्हणून नव्हे, मला गैर वाटलं नाही म्हणून. आकडा खरा आहे.’ खाली त्यांची सही, गोल शेपटाची.

मी काही बोलायला गेले तर म्हणाले, “नमुना काढ. बारा वाजले.”

काढला. सही केली. माझ्या रकान्यात. त्यांच्या रकान्यात त्यांनी. दोघं रांगेत उभे राहून, शाळेतल्या पोरांसारखे.


शनिवार, २९ नोव्हेंबर

सोमवारी हरेन. वकीलबाईंनी आडून आडून सांगितलं. वरची खोली जाईल, भिंतीवरची अक्षरं जातील. दादा म्हणेल, मी सांगत होतो.

आईला फोन करून ती चिठ्ठी मागावी, असं दहा वेळा मनात आलं. तीन महिने तिचा फोन घेतला नाही, आता कोणत्या तोंडाने? आणि मागितली तर ती दादाला विचारणारच. तो फाडून टाकेल.

नाही मागणार.


रविवार, ३० नोव्हेंबर

दुपारी दार वाजलं. आई. एकटी! रिक्षावाल्याने हात धरून पायऱ्या चढवल्या. हातात कापडी पिशवी, तिच्यात दोन लुगडी आणि ती चिठ्ठी.

सतरा ऑक्टोबर. थेंब घातल्याच्या वेळा — ११.१०, ११.२५, ११.४०. खाली छापलेलं, ‘थेंब घातल्यावर रुग्णास एकटे सोडणार नाही. सोबतच्या व्यक्तीची सही.’ माझी सही. शेवटचा फाटा वर जाऊन मोडलेला.

“दादाने सगळ्या चिठ्ठ्या मागून घेतल्या. ही सापडत नाही म्हटलं. डब्यांच्या फळीवर कागदाखाली घातली होती.”

“कधीपासून?”

“ऑगस्ट. वहिनीने ते शपथेचं वाचून दाखवलं, तेव्हाच तारीख ओळखली मी. चिठ्ठी भिंगाने शोधून काढली.”

“ओळखलीस! आणि तरी सही केलीस?”

“त्याच्याकडे राहते गं मी.”

ती हाताने चाचपत खोलीभर फिरली, भिंत, कपाट, टेबल. मग विचारलं, “इथे दुसरी खाट मावते का?”

मावते. टेबल बाहेर काढावं लागेल.